जर्मन विभक्ती मराठीतून शिकवाव्यात

महोदय,

महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार झाल्यापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा व्यवसायांतील तरुण-तरुणींमध्ये जर्मन शिकण्याविषयी उत्सुकता वाढली आहे. त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते, तरीही वर्गात जर्मन व्याकरणाचा उलगडा बहुधा इंग्रजीतून केला जातो. जर्मनची शिक्षिका म्हणून मला ही पद्धत विद्यार्थ्यांवर अन्याय करणारी वाटते.

जर्मनमध्ये तीन लिंगे आणि चार विभक्ती आहेत, आणि नामाआधी येणारी देर, दी, दास ही उपपदे त्यांनुसार बदलतात. इंग्रजीतील 'द' कधीच बदलत नसल्यामुळे त्या भाषेतून शिकवताना ही कल्पना मुळापासून रुजवावी लागते आणि अखेरीस सोळा घरांचा तक्ता घोकण्यावाचून विद्यार्थ्याला गत्यंतर उरत नाही. मराठी माणूस मात्र तो, ती, ते बोलतच लहानाचा मोठा झालेला असतो. 'चांगला माणूस' हा 'चांगल्या माणसाला' होताना विशेषणही बदलते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. 'देर गुटे मान' चतुर्थीत 'देम गुटेन मान' होतो तेव्हा हेच घडत असते. 'तिचा भाऊ' आणि 'तिची बहीण' यांत मालकाचे आणि मालकीच्या नामाचे अशी दोन्ही लिंगे आपण सांभाळतो. जर्मन 'ईर ब्रुडर' आणि 'ईरे श्वेस्टर' यांतही तीच व्यवस्था आहे.

विद्यार्थी सर्वाधिक अडखळतात ते 'अकुझाटिव्ह' आणि 'डाटिव्ह', म्हणजे आपल्या द्वितीया आणि चतुर्थी, यांच्यापाशी. शालेय मराठी व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी या दोहोंना 'ला' हाच प्रत्यय दिलेला असतो आणि कर्म की संप्रदान हे अर्थावरून ओळखायला शिकवले जाते. 'मी त्याला पाहते' यात 'त्याला' हे कर्म आहे, म्हणून जर्मनमध्ये 'ईन'. 'मी त्याला गोळी देते' यात ते संप्रदान आहे, म्हणून 'ईम'. दहावीपर्यंत कंटाळवाणा वाटलेला तो पाठ इथे थेट उपयोगी पडतो. शिवाय 'मला थंडी वाजते' आणि 'मला चक्कर येते' या वाक्यांतील 'मला' जर्मनमध्येही चतुर्थीतच, म्हणजे 'मीर' असे येते. परिचारिकेने रुग्णाला विचारायचा 'तुम्हाला काय दुखते?' हा प्रश्न 'वास टूट ईनन वे?' असा जवळजवळ शब्दाला शब्द लावून तयार होतो. हीच वाक्ये इंग्रजीतून समजावताना 'मला'चा 'मी' होतो आणि विद्यार्थी हमखास प्रथमेचे रूप वापरतो.

मराठी जिथे दिशाभूल करते, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. 'मी टेबल पुसते' यात कर्माला प्रत्यय नाही, पण जर्मनमध्ये 'देर टिश'चे 'देन टिश' करावेच लागते. पुस्तक टेबलावर ठेवले काय किंवा टेबलावर पडलेले असले काय, आपले 'टेबलावर' तेच राहते. जर्मनमध्ये ठेवण्याच्या क्रियेला 'आउफ देन टिश' आणि असण्याच्या स्थितीला 'आउफ देम टिश' म्हणतात. 'मदत करणे' या अर्थाचे 'हेल्फन' चतुर्थी मागते, हे पाठच करावे लागेल. लिंगेही जुळतीलच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, तर जर्मन 'झोने' स्त्रीलिंगी आहे, म्हणून प्रत्येक नाम उपपदासकटच लक्षात ठेवणे इष्ट.

वर्गात बोलणे शक्य तितके जर्मनमध्येच व्हावे, याबद्दल माझे दुमत नाही. माझे म्हणणे फक्त व्याकरण उलगडून सांगण्यापुरते आहे. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या एखाद्या मुलीला आधी इंग्रजी व्याकरणाच्या संज्ञा आणि मग त्यांच्या आधारे जर्मन, असा दुहेरी भार वाहायला लावण्याचे काहीच कारण नाही. शासनाने आपल्या प्रशिक्षणवर्गांसाठी विभक्ती, उपपदे आणि सर्वनामे यांची मराठीशी तुलना करणारी एक छोटी पुस्तिका तयार करावी आणि प्रशिक्षकांकडून मराठी विभक्तिविचाराची उजळणी करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पुस्तिकेतील उदाहरणे रुग्णालय, कार्यशाळा आणि वाहतूक अशा व्यवसायांप्रमाणे वेगवेगळी असावीत, कारण परिचारिकेला पहिल्या दिवसापासून 'ईम' आणि 'ईर' यांतला, म्हणजे 'त्याला' आणि 'तिला' यांतला, फरक कानाने टिपता यावा लागतो.

— एक जर्मन शिक्षिका, पुणे