कॅल्क्युलेटरवरची दिंडी: आधी आवाज, मग चित्र

परभणी,
चैत्र शुद्ध पंचमी

चि. सायली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

नाथषष्ठीला पैठणच्या घाटावर तू मोबाइलवर टिपलेली दिंडी आपल्या टीआय-८४ प्लस कॅल्क्युलेटरवर आवाजासह चालवता येईल का, आणि येत असेल तर सुरुवात कोठून करावी, असे तू विचारले आहेस. चालवता येईल, आणि सुरुवात आवाजापासून करावी. तुझ्या टिपणात पडद्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे, आवाज मात्र शेवटच्या ओळीत ‘वेळ उरल्यास’ म्हणून आला आहे. हा क्रम उलटा कर, एवढे पटवून देण्यासाठीच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आलेख काढणारे हे कॅल्क्युलेटर आपल्याकडे फारसे कोणी हाताळलेले नसतात, कारण बारावीपर्यंत लॉग टेबलवर भागते आणि पुढे इंजिनिअरिंगला साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतो. अमेरिकेतल्या शाळांत मात्र ते दप्तरातली नेहमीची वस्तू आहे. कॅसिओने १९८५ साली असा पहिला कॅल्क्युलेटर, एफएक्स-७०००जी, बाजारात आणला, तेव्हा त्यात प्रोग्रॅमसाठी अवघे ४२२ बाइट होते. तुझ्या दादाने तुला दिलेले मॉडेल २००४ सालचे आहे. त्यात १५ मेगाहर्ट्झवर चालणारा झेड-८० प्रोसेसर, ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा आणि साठवणुकीसाठी वापरता येईल अशी ४८० किलोबाइट फ्लॅश मेमरी आहे. स्पीकर नाही. आवाज बाहेर पडण्याची वाट म्हणून एकच जागा आहे, आणि ती म्हणजे दोन कॅल्क्युलेटर एकमेकांना जोडण्यासाठी दिलेले २.५ मिलिमीटरचे भोक.

त्या भोकात तीन संपर्क असतात. एक ग्राउंड आणि दोन माहितीच्या तारा. प्रोग्रॅमने शून्य क्रमांकाच्या पोर्टवर एक आकडा पाठवला की यांतील प्रत्येक तार वर किंवा खाली जाते. मधली पायरी तिला ठाऊकच नाही. ४४० हर्ट्झचा सूर हवा असेल तर दर १/८८० सेकंदाला, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या साधारण १७,०४५ ठोक्यांनंतर, तारेची अवस्था पालटायची. असा चौकोनी लहरीचा सूर वाजवणे सोपे आहे आणि तू तो एका संध्याकाळी वाजवशील. कठीण आहे तो माणसाचा आवाज, कारण त्याला पायऱ्या लागतात. त्या पायऱ्या आपण वेळेतून काढायच्या असतात. तार एका ठरावीक मुदतीत किती वेळ वर राहिली आणि किती वेळ खाली, या प्रमाणालाच आवाजाच्या लहरीची उंची मानायचे आणि पुढे एक फिल्टर लावून त्या चढउतारांची सरासरी काढायची.

टेलिफोनवर सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे लहरीच्या उंचीची मोजमापे, घेतात, तोच वेग तू धर. प्रत्येक नमुन्याला सोळा पायऱ्या पुरेत, म्हणजे चार बिट, म्हणजे सेकंदाला ४,००० बाइट. १५ मेगाहर्ट्झला ८,००० ने भागले की एका नमुन्याच्या वाट्याला १,८७५ ठोके येतात. मात्र एका नमुन्यामागे तार एकदाच वर-खाली केलीस तर ८,००० हर्ट्झची सलग शिट्टी अभंगावर बसेल, म्हणून तोच नमुना दोनदा पाठव, म्हणजे शिट्टी १६,००० हर्ट्झवर जाईल. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीची लाइन फ्रिक्वेन्सी १५,६२५ हर्ट्झ असे. लहानपणी दुकानाच्या पायरीवरूनच तू आत कोणता तरी टीव्ही चालू आहे हे ओळखायचीस, आणि मला मात्र ती शिट्टी कधीच ऐकू आली नाही. तुझा कान अजून तरुण आहे, तेव्हा फिल्टर नीट बसला की नाही याची पारख तूच कर.

फिल्टरविषयी थोडे थांबून सांगतो, कारण हा भाग माझ्या हातचा आहे. त्या माहितीच्या तारा खाली खेचल्या जातात तेव्हा जोरात खेचल्या जातात, पण वर जाताना आतल्या एका रेझिस्टन्समधून सावकाश वर जातात. त्यामुळे त्यांच्यावर भार टाकायचा नाही. ईअरफोन थेट लावला तर आवाज येईल, पण तो क्षीण आणि एका बाजूने चेपलेला असेल. आठ ओहमचा स्पीकर तर थेट लावूच नकोस. तारेला आधी १० किलो-ओहमचा रेझिस्टन्स लाव, म्हणजे तपकिरी, काळा, नारिंगी पट्ट्यांचा, आणि त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला ‘४७२’ छापलेला कंडेन्सर जोड. या दोघांची जोडी साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज दाबत जाते, आणि टेलिफोनची मर्यादाही तीच आहे. तिथून ‘१०४’ चा कंडेन्सर घालून १०० किलो-ओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलवर जा आणि पुढे एलएम३८६ चा छोटा अॅम्प्लिफायर लाव. सोल्डरिंग करताना २.५ च्या पिनीचे टोक आणि मधले कडे यांच्यात धातूचा कण राहू देऊ नकोस. जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने तिन्ही संपर्क एकमेकांपासून सुटे आहेत याची खात्री कर, कारण त्या भोकामागे दुरुस्त करण्याजोगे सुटे भाग नाहीत.

एक गोष्ट आधीच मनाशी धर. ३,४०० हर्ट्झच्या वर जे काही आहे ते जाणार, आणि दिंडीत टाळांची चमक तिथेच असते. टाळ फक्त खसखस करून उरतील, मृदंगाची थापी छोट्या स्पीकरवर पोकळ वाटेल, पण बुवांचा गळा ओळखू येईल आणि अभंगाचे शब्दही कळतील. म्हणून चित्रफितीतला तो तुकडा निवड, ज्यात टाळांचा गजर थांबून एकटे बुवा गातात आणि मंडळी शेवटचे चरण उचलतात.

आता आवाज आधी का, ते सांगतो. डोळा फार क्षमाशील आहे. सेकंदाला २४ ऐवजी १० चित्रे दाखवली तरी तो चालणारा माणूस चालतच आहे असे मानून घेतो, आणि त्यातले एखादे चित्र गळाले तरी हरकत घेत नाही. कान असा नाही. काही मिलिसेकंदांचा खंड पडला तरी त्याला टक् असा आवाज ऐकू येतो, आणि नमुन्यांचा वेग किंचित मागेपुढे झाला तर स्वर थरथरतो. ज्यांनी चित्राची घडी आधी बसवून उरलेल्या वेळात आवाज कोंबायचा असे ठरवले, त्यांना प्रत्येक दाट चित्रापाशी आवाज तोडावाच लागणार. उलट आवाजाचे घड्याळ पक्के केले, तर चित्राला त्याच्या फटींत सहज बसता येते. मृदंगाने लय धरावी आणि पावलांनी तिच्यामागून यावे, तसे हे काम आहे.

आणि त्या फटींचे गणित किती सुरेख जमते ते पाहा. मोबाइलचे चित्र १६ ला ९ या प्रमाणातले, म्हणून ९६ ठिपक्यांच्या रुंदीला ५४ ओळी पुरतात आणि पडद्याच्या वरखालच्या मिळून दहा ओळी कोऱ्या राहतात. एका बाइटमध्ये आठ ठिपके, म्हणजे एका चित्राला ६४८ बाइट. सेकंदाला १० चित्रे धरली तर एका चित्राच्या मुदतीत आवाजाचे ८०० नमुने पडतात. याचा अर्थ, प्रत्येक नमुन्यामागे पडद्याकडे फक्त एक बाइट पाठवत राहिलीस तरी चित्र वेळेच्या आत पुरे होते. पडद्याचा कंट्रोलर मुळात मंद आहे. एक बाइट दिल्यावर त्याला सुमारे १० मायक्रोसेकंद उसंत द्यावी लागते, आणि एरवी ही उसंत वाया जाते. इथे ती आवाजाच्या कामात आपोआप भरून निघते. आठ ठिपके रुंदीचे बारा उभे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला कोणता पट्टा व कोणती ओळ हे सांगणाऱ्या दोन आज्ञा, असे आणखी २४ नमुने धर. ६७२ झाले, १२८ नमुन्यांची सवड उरली. १२ चित्रांचा मोह तुला होईल, पण तेव्हा एका चित्राला साधारण ६६६ नमुनेच मिळतात आणि आज्ञा धरून ६७२ लागतात. दहावर थांब.

ही घडी टिकण्यासाठी प्रोग्रॅमच्या प्रत्येक वाटेला सारखेच ठोके लागले पाहिजेत. त्या वेळेपुरते इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून दुसरे करायला लावणारे संकेत, बंद ठेव, नाहीतर कॅल्क्युलेटरची स्वतःची व्यवस्था मध्येच हात घालील. झेड-८० मध्ये ‘जेआर’ ही सशर्त उडी, म्हणजे अट पुरी झाली तरच प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे जाण्याची आज्ञा, घेतली तर १२ ठोके लागतात आणि न घेतली तर ७, म्हणजे चित्रातला ठिपका काळा की पांढरा यावर स्वर हलेल. सशर्त ‘जेपी’ला मात्र उडी घेतली काय किंवा न घेतली काय, १० ठोकेच लागतात. एक बाइट जास्त गेला तरी चालेल, या गाभ्यात ‘जेपी’च वापर. अशा बारीक गोष्टी वहीत डाव्या बाजूला ठोक्यांचा आकडा लिहून तपासाव्यात. मी तुला सर्किट पाहताना प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज लिहायला लावत असे, त्यातलाच हा प्रकार आहे.

साठवणुकीत तुला आज काही अडचण नाही. चित्राचे ६,४८० आणि आवाजाचे ४,००० मिळून सेकंदाला १०,४८० बाइट होतात, म्हणजे ४० सेकंदांची दिंडी साधारण ४०९ किलोबाइटमध्ये बसते, तीही काहीही न आवळता. फ्लॅश मेमरी १६ किलोबाइटच्या पानांनी प्रोसेसरसमोर येते, त्यामुळे दर दीड सेकंदाला एक पान उलटावे लागेल. ते त्या १२८ मोकळ्या नमुन्यांच्या वेळात उलट. माहिती आवळण्याचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा, विचार पहिली चित्रफीत चालल्याखेरीज करू नकोस. एका वेळी एकच अनिश्चित गोष्ट टेबलावर असली म्हणजे दोष सापडतो.

पुढे आवळायचे ठरवशील तेव्हा मात्र करड्या छटा ठिपक्यांत उतरवण्याची पद्धत विचारपूर्वक निवड. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेली, चूक शेजारच्या ठिपक्यांवर वाटत जाणारी पद्धत एका स्थिर चित्रासाठी उत्तम आहे. चालत्या चित्रात मात्र एका कोपऱ्यात पताका हलली की तिच्या खालचे, उजवे-डावे सगळे ठिपके आपली जागा बदलतात, आकाश वळवळल्यासारखे दिसते, आणि मागच्या चित्राशी फरक तेवढाच साठवण्याची युक्ती निकामी होते. बेयरची ठरावीक जाळीची पद्धत दिसायला थोडी खरबरीत आहे, पण जिथे काही हलले नाही तिथे एकही ठिपका हलत नाही. माझा कौल तिलाच आहे.

खरे तर तुझ्या चित्रफितीला छटांची गरजच कमी आहे, आणि ही तुझ्या निवडीतली फार चांगली गोष्ट आहे. सूर्य मावळतीला, मागे आकाश उजळ आणि पुढे माणसे काळीभोर, अशी ती टिपलेली आहे. दादाच्या जुन्या संगणकावर ती मी ९६ गुणिले ५४ ठिपक्यांत उतरवून पाहिली. विणेकऱ्याचा देह वीस-बावीस ठिपके उंच येतो, विणेची दांडी तिरक्या दोन ठिपक्यांच्या जाडीने स्पष्ट दिसते, आणि पताका पाच-सहा ठिपक्यांची असूनही वाऱ्यावर कोणत्या बाजूला वळते ते कळते. तुळशीवृंदावन डोईवर घेतलेल्या बाईचा चेहरा उरत नाही, तिची मान ताठ आहे हे मात्र उरते. पडद्यातले स्फटिक सावकाश वळणारे असल्यामुळे वेगवान हालचालीच्या मागे धूसर शेपूट राहील. दिंडीच्या चालीला त्याचा त्रास होणार नाही, फुगडीचा तुकडा मात्र घेऊ नकोस.

तुझ्या मैत्रिणीकडच्या रंगीत मॉडेलवर हे करावे का, असेही तू लिहिले आहेस. टीआय-८४ प्लस सीई हे २०१५ सालचे मॉडेल ४८ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे आहे, पण त्याला ते २.५ चे भोकच नाही. शिवाय ३२० गुणिले २४० ठिपक्यांचे पूर्ण रंगातले एक चित्र १,५३,६०० बाइटचे होते, त्यामुळे तीन मेगाबाइटमध्ये न आवळता वीसच चित्रे बसतात. त्यातच २०२० साली टीआयने, म्हणजे हे कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने, परीक्षेच्या सुरक्षिततेचे कारण देऊन नव्या प्रणालीत असेंब्ली आणि सी भाषेतले प्रोग्रॅम बंद केले. स्वतः विकत घेतलेल्या यंत्रावर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवू न देणे मला मान्य नाही. परीक्षेपुरते ते कुलूप लावता आले असते. तू आपल्या जुन्याच यंत्राला धरून राहा.

मोबाइलवर हेच दृश्य लख्ख दिसत असताना हा खटाटोप कशासाठी, असे तुला वसतिगृहात कोणी विचारील. मोबाइलमध्ये चित्र आणि आवाज यांची गाठ कुठे पडते ते तुला कधीच दिसणार नाही, कारण ते सारे एका चिपच्या पोटात होते. इथे ती गाठ तू स्वतःच्या हाताने मारणार आहेस, आणि एखादा ठोका चुकला तर तो तुझ्या कानाला कळणार आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलीला यापेक्षा वेगळे कारण देण्याची गरज नाही.

मामा रविवारच्या गाडीने नांदेडला येत आहेत. त्यांच्याबरोबर १० किलो-ओहमचे रेझिस्टन्स, ‘४७२’ आणि ‘१०४’ चे कंडेन्सर, दोन एलएम३८६ त्यांच्या सॉकेटसह आणि २.५ च्या तीन पिना पाठवत आहे. आयसी सॉकेटमध्येच बसव, थेट सोल्डर करू नकोस. आधी फक्त ४४० हर्ट्झचा सूर काढ आणि तो मोबाइलवरच्या ट्यूनरने मोज. आकडा ४४० पासून हलत असेल तर ठोक्यांची वही मला पाठव, मी पाहतो.

तुझे,
अण्णा