बियाण्याची ‘स्मृती’ : कितव्या पिढीची?

संपादक महोदय,

‘जनुकांना हात न लावता दुष्काळ सोसणारे वाण’ अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. डीएनएचा अक्षरक्रम तोच राहतो, पण त्यातल्या सायटोसिन या ‘अक्षरा’वर मिथाइल हा छोटा रासायनिक गट चिकटला वा सुटला की जनुक निजते किंवा जागे होते, इथवर ठीक. ही खूण, म्हणजेच बियाण्याची ‘स्मृती’, पुढच्या पिढ्यांत टिकते का, यावर मात्र बातमी गप्प असते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गाने काढलेल्या उडीद-भुईमुगाच्या वाणांत अक्षरक्रमच बदललेला असतो, तो टिकतो. मिथाइलची खूण पुसलीही जाते.

तहानलेल्या झाडाचे दाणे मुळातच बारीक भरतात. त्यांची रोपे वेगळी दिसली, तर ती नुसती आईच्या उपासमारीची सावली असू शकते. म्हणून एकाच स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळलेल्या) झाडाच्या बियाण्याचे दोन वाटे करायचे. एकाला पाण्याचा ताण, दुसऱ्याला भरपूर पाणी. पुढची पिढी दोन्हींची शेजारीशेजारी, ताणाविना वाढवायची आणि तिच्या बियाण्यावर चाचणी घ्यायची. बियाणे भेसळीचे असेल तर दुबळी रोपे ताणात मरतात आणि साधी निवडच ‘स्मृती’ म्हणून खपते. वेळ वाचवायला खरिपानंतर उन्हाळी भात घ्यावा, तर तापमानही या खुणा हलवते!

प्रयोगशाळेतली मेख वेगळीच. मिथाइल कुठे आहे हे शोधायला वापरलेल्या बायसल्फाइट या रसायनाने मिथाइल नसलेले सायटोसिन बदलते, असलेले तसेच राहते. प्रक्रिया कच्ची राहिली की न बदललेले सगळेच मिथाइलवाले भासते. हरितलवकाचा डीएनए मिथाइलविरहित धरून त्यावर पडताळा घेतात. तिथे २ टक्के सायटोसिन तसेच उरले, तर केंद्रकातल्या २ टक्के मिथाइलवर कोण विश्वास ठेवणार?

या शास्त्राचा पक्का उपयोग तेलताडात दिसला. टिश्यूकल्चरच्या काही झाडांना वेडीवाकडी फळे धरत आणि ते कळायला लागवडीनंतर काही वर्षे जात. ‘कर्मा’ नावाच्या उडत्या (डीएनएत जागा बदलू शकणाऱ्या) जनुकावरचे मिथाइल गळाल्याने हे होते, असे २०१५ मध्ये सिद्ध झाले. आता रोपाच्या पानावरूनच पारख करता येते.

संशोधकाची शिष्यवृत्ती मात्र जास्तीत जास्त ५ वर्षांची. पहिले अभ्यासक्रमात जाते, एखादा हंगाम पावसात किंवा किडीत. उरलेल्यात ३ पिढ्या आणि शोधनिबंध. मग पहिल्याच पिढीवर निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि बातमीही त्याचीच होते. बातमीदारांनी निदान ‘बियाणे कितव्या पिढीचे?’ एवढे विचारावे आणि उत्तर छापावे.

– वनस्पतिशास्त्राचे दोन अध्यापक, चेंबूर, मुंबई