रक्ताच्या थेंबावर ठेवलेली टोपी

आदरणीय बाबा,

झुलू भाषेत वडीलधाऱ्या माणसाला ‘बाबा’ म्हणतात आणि मराठीतही तेच, त्यामुळे तुम्हाला हाक मारायला आम्हाला शब्द शोधावा लागला नाही. पत्र मात्र तुम्हाला वाचता येणार नाही. तुमची नात आमच्याकडून इंग्रजीत ऐकेल आणि तुम्हाला झुलूत सांगेल, असं ठरलं आहे. तरीही लिहितोय मराठीतच. दक्षिण आफ्रिकेत डर्बन-जोहान्सबर्गकडची आपली काही मंडळी हिवाळ्यात बंदूक घेऊन झुलूलँडच्या रानात जातात, त्यांच्या कानावर हे जायला हवं. भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद केली, ते बरंच झालं. इथे खासगी रानात ती रीतसर चालते, म्हणून कशी करायची हे शिकून घेण्यावाचून सुटका नाही.

आभार टोपीचे आहेत.

आम्ही गोळी मारलेल्या डायकरचा, त्या लहानशा हरणाचा, माग काढताना रक्त दिसेनासं झालं तेव्हा तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत आणि शेवटच्या थेंबावर अलगद ठेवलीत. बोलला काहीच नाहीत. ऊन टाळूवर आलं होतं, डोक्यावर पिकलेले चार केस, आणि पुढचा सगळा शोध तुम्ही तसाच उघड्या डोक्याने केलात. त्याआधी ज्यांच्याकडे शिकारीला गेलो होतो त्यांनी आम्हाला टोपी घातली होती, बाबा. तुम्ही स्वतःची काढून ठेवलीत. हा शब्दांचा खेळ नातीला झुलूत सांगता येणार नाही, पण मराठी वाचणाऱ्याला बरोबर कळेल.

त्या आधीच्या मंडळींचं नाव घेत नाही. त्यांच्याकडे गाड्या चकाचक, दरपत्रक गुळगुळीत कागदावर. त्या दरपत्रकात कुडू आणि न्याला ही मोठी हरणं वर, मोठ्या अक्षरात. डायकर, स्टीनबोक ही छोटी हरणं तळाशी, हॉटेलच्या बिलात पापड असावा तसे. गोळी लागलेला डायकर झुडपात शिरला की त्यांचा माणूस लगेच मागे धावला, रक्तावरूनच चालला, दोघा-तिघांना हाका मारून सगळं गवत तुडवून घेतलं, आणि तासाभरात हात वर केले: “गेला तो, दुसरा बघू.” जखमी होऊन हरवलेल्या प्राण्याचे पैसे इथे शिकाऱ्याला भरावेच लागतात. ती रीत योग्यच आहे आणि आम्ही भरलेही. पण बिल मांडायला जेवढा वेळ लागला तेवढाही त्यांनी शोधायला दिला नाही, हे अजून टोचतं.

आपल्याकडच्या वाचकाला या प्राण्याचा अंदाज यावा म्हणून सांगायचं, तर साधा डायकर, तुमचा ‘इम्पुन्झी’, आपल्या चौशिंग्यापेक्षा किंचित हलका: नर पंधरा ते अठरा किलोंचा, मादी थोडी भारी. खांद्यापाशी उंची जेमतेम 50 सेंटिमीटर. डच लोकांनी नाव दिलं ‘बुडी मारणारा’, आणि तेच त्याचं वर्णन. मान खाली घालून, वळणं घेत तो झुडपात बुडतो. स्टीनबोक आणखी लहान, अकरा किलोंच्या आसपास, उघड्या गवताळ रानातला. तो पळतो, पण शंभर-दीडशे पावलांवर थांबून मागे वळून बघतो, आणि बहुतेकदा तिथेच फसतो. जंगलातला निळा डायकर, ‘इफिथी’, तर चार-पाच किलोंचा. कोकणातली पिसोरी पाहिलेल्याला तो लगेच कळेल.

लहान आहे म्हणून सोपा, हा गैरसमज इथेच संपतो. डायकरच्या छातीत नेमकी गोळी बसायला हवी ती जागा लहानशा नारळाएवढी. मोठ्या शिकारीसाठी रायफल 200 मीटरवर जुळवलेली असते, म्हणजे तेवढ्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागते. तशी .30-06 काडतुसाची रायफल शंभर मीटरवर साधारण पाच सेंटिमीटर वर मारते. कुडूला त्याने फरक पडत नाही. डायकरला पडतो, कारण त्याची छातीच वरपासून खालपर्यंत जेमतेम वीतभर. त्यात छोटा प्राणी आहे त्यापेक्षा लांब वाटतो. नव्वद मीटरवरचा डायकर कुडूची सवय झालेल्या डोळ्याला पावणेदोनशेवर दिसतो, शिकारी ‘थोडं वर धरतो’, आणि गोळी पाठीवरून निघून जाते किंवा मणक्याला खरचटते. म्हणून लहान हरणासाठी रायफल 100 मीटरवर जुळवून घ्यावी, तीन पायांच्या काठीवर टेकवावी, आणि पुढच्या पायामागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेला धरावं. जवळून मारलेली वेगवान, मऊ टोकाची गोळी मागच्या बाजूला मुठीएवढं भोक पाडते, कातडं जातं आणि मांसही. न फुटणारी गोळी छोटं भोक पाडून आरपार जाते. मात्र जागा चुकली तर तिच्यात माफी नाही, कारण रक्त कमी पडतं आणि माग अवघड होतो. हलकी, वेगवान गोळी काडीला लागली तरी वळते किंवा फुटते. मध्ये गवताचं पातं दिसत असेल तर थांबलेलं बरं.

आमची गोळी मागे लागली होती. ते आम्हाला कळायच्या आधी तुम्हाला कळलं. तुम्ही वाकून दोन पात्यांवरचं रक्त बोटाने चोळलंत, नाकाशी नेलंत आणि आम्हाला झाडाखाली बसवलंत. फुप्फुसाचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं. तेव्हा पंधरा-वीस मिनिटं थांबून गेलं की शंभर मीटरच्या आत प्राणी पडलेला सापडतो. यकृताचं गडद, दाट. पायाच्या मांसाचं लालभडक, पण लवकर आटणारं. आणि पोटाची जखम असेल तर रक्तात हिरवट पाणी, चघळलेल्या पाल्याचे कण, आंबूस वास. अशा प्राण्यामागे लगेच धावलं की तो उठून पळत राहतो. धावलं नाही तर जवळच सावलीत बसतो, कारण लहान हरीण आपला टापू सोडून सरळ लांब जात नाही, ओळखीच्या झुडपांत वळसे घेत राहतं. उन्हात मांस खराब होईल आणि कोल्हे वास काढत येतील, ही भीती खरीच असते. तुम्ही घड्याळ न बघता दोन तास बसलात, आणि अस्वस्थ झालेल्या आमच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाहीत. आधीच्या मंडळींना नेमका हाच धीर नव्हता.

मग माग. माग काढणारा मागावर पाय देत नाही, त्याच्या कडेने चालतो. ठसा सूर्य आणि आपल्या मध्ये ठेवायचा, म्हणजे खुराच्या कडेची सावली उठून दिसते. मध्यान्हीला ती सावली मरते आणि काम दुप्पट कठीण होतं. डायकरचा ठसा टोकदार, आगपेटीहून थोडा आखूड. पळताना खुराची दोन्ही बोटं फाकतात, टोकं खोल रुततात आणि माती मागे उडते. जखमी झाला की एका पायाची माती ओढल्यासारखी दिसते. रक्त जमिनीवर शोधणारे बरेच जण असतात. तुम्ही ते गवताच्या बाजूंना शोधलंत, पानांच्या खालून. पात्यावर रक्त किती उंचीला लागलं आहे, त्यावरून जखम किती उंचीला आहे ते कळतं, आणि दोन्ही बाजूंना लागलं असेल तर गोळी आरपार गेली. झुलूलँडच्या काही झाडांच्या पानांवर तांबडे ठिपके असतात, हुबेहूब वाळलेल्या रक्तासारखे. शंका असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबभर टाकावं, रक्त असेल तर फेस येतो. तुम्हाला त्याची गरज नव्हती. तुम्ही थुंकी लावून घासलंत, रंग सुटला, पुढे निघालात.

रक्त थांबलं तिथे टोपी.

टोपी का, ते आता लिहितो. रक्त संपलं की माणूस घाबरतो आणि अंदाजाने पुढे पळतो. ‘तिकडेच गेला असेल’ म्हणत पन्नास पावलं जातो, काही सापडत नाही, मग दुसरीकडे. पाच मिनिटांत शेवटचा थेंब कुठे होता हेच आठवत नाही. सगळी झुडपं सारखी दिसतात आणि त्यात आपल्या बोरीसारखा एक सरळ, एक वाकडा काटा असलेली झाडं शर्ट ओढत असतात. शेवटची खूण पक्की राहिली की तिच्याभोवती वर्तुळ घालता येतं. पहिलं दहा-बारा पावलांचं, मग वीस, मग पस्तीस. तुम्ही प्रत्येक फेरी संपवून टोपीपाशी परत आलात, तिथे क्षणभर उभे राहिलात, नव्याने निघालात. तिसऱ्या फेरीत, टोपीच्या डावीकडे, आम्ही ज्या बाजूला बघतही नव्हतो तिथे, गुडघ्याखालच्या एका पानाच्या पोटाला पुसटसा लाल ओरखडा आणि दोन आखूड केस. तिथून सत्तर पावलांवर तो सावलीत बसला होता. म्हणजे काखेत कळसा. त्याचं दुखणं पुढे लांबलं नाही.

टोपीच्या जागी झाडाची फांदी मोडून ठेवता आली असती, कागदाचा बोळा ठेवता आला असता. बरेच जण फिकट रंगाचा कागद खिशात ठेवतात, तो प्रत्येक थेंबाला लावत गेलं की मागे वळून बघितल्यावर पळण्याची दिशा रेघेसारखी दिसते. ही युक्ती चांगली आहे, करावीच. पण त्या क्षणी हाताशी जे होतं ते तुम्ही दिलंत, आणि ऊन अंगावर घेतलंत. दरपत्रकाच्या तळाच्या एका हरणासाठी. रानम्हैस असती तर सगळ्यांनीच जीव तोडून शोधली असती. न सापडलेली जखमी म्हैस माणसाला मारू शकते, त्यामुळे तिचा माग भीतीही काढायला लावते. डायकर कुणाचं काय वाकडं करणार?

बोलता बोलता तुम्ही जे सांगितलंत तेही इथे मांडून ठेवतो, नाहीतर आमच्याकडून विसरलं जाईल. स्टीनबोक हरवला तर आर्डवार्कने, म्हणजे वाळवी खाणाऱ्या प्राण्याने, खणलेली बिळं बघावीत, तो त्यात शिरून बसतो. हात मात्र घालू नये, आत रानडुक्कर किंवा साप असू शकतो. साध्या डायकरच्या मादीलाही कधीकधी खुरटी शिंगं असतात, तेव्हा शिंग दिसलं म्हणून घोडा ओढू नये, ती वळेपर्यंत थांबावं. वर्षभरात केव्हाही वितात त्या, त्यामुळे जवळच्या गवतात पिल्लू दडलेलं नाही हे कोण सांगणार? नराची शिंगं कानांच्या उंचीपलीकडे स्पष्ट दिसत असतील तर तो पूर्ण वाढलेला. खडकांवरच्या क्लिपस्प्रिंगर या लहान हरणाला ओढत आणू नये, उचलून आणावं; त्याचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात, हातात पुंजकेच्या पुंजके येतात. पूर्वी खोगिरात भरायला ते वापरत, यावरून समजावं. डायकरच्या डोळ्याखाली काळी रेघ दिसते ती ग्रंथी आहे, तिला लागलेला हात मांसाला लावू नये. भिंतीवर लावण्यासाठी कातडं काढायचं असेल तर गळ्याला सुरी लावूच नये, छेद खांद्याच्या बराच मागून घ्यावा. कान उलटे करून, ओठ फाडून आतपर्यंत बारीक मीठ चोळावं, नाहीतर तिथूनच केस सुटतात.

भलेपणाबद्दल काही लिहावं असं मनात होतं. पण रानात जिथे बघणारं कुणी नसतं, जिथे ‘सापडला नाही’ म्हटलं तर कुणी जाब विचारत नाही आणि पैसेही तेवढेच मिळतात, तिथे एखादा माणूस पुन्हा पुन्हा टोपीपाशी परत येतो, यावर आमच्याकडे शब्द कमी पडतात. नाक्यावरचा मोजून सुटे परत देणारा दुकानदार असो की रात्री पंक्चर काढून देणारा अनोळखी, सगळे तुमच्याच कुळातले. त्यांच्यावर जग चाललंय असं म्हणणार नव्हतो, पण म्हटलं गेलं खरं.

सियाबोंगा, म्हणजे आभार, बाबा. तुमची वाऱ्याची पुरचुंडी आमच्या गाडीच्या खणात राहिली. फडक्यात बांधलेली राख, हलकेच झटकली की वारा कुणीकडे वाहतोय ते दाखवणारी. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, म्हणून तिच्यात नवी राख भरली आहे. लाकडाच्या शेगडीची आहे, दोनदा चाळली आहे. जड वाटली, हवेत नीट तरंगली नाही, तर नातीकडून कळवा, आणखी बारीक करून पाठवतो.

तुमचे,
डर्बनची मराठी मंडळी