पाचूचा पिंजरा आता सुकतो, काका

प्रिय काका,

माझ्या कॅमेलियन सरड्याच्या, पाचूच्या, नाकाशी बुडबुडे दिसले त्या रात्री मी तुम्हाला फोन केला, तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तुम्ही शांतपणे विचारलंत, "दिवे बंद असतानाही तोंड उघडंच आहे का? मान वर ताणून श्वास घेतोय?" दिव्याखाली गरम झालं की कॅमेलियन तोंड उघडतोच, पण अंधारात, गारव्यात उघडलं तर छातीचं दुखणं असू शकतं, हे मला तेव्हा कळलं. "उद्या सकाळी आधी डॉक्टर. पिंजऱ्याचं मग बघू," म्हणालात.

औषधाने तो बरा झाला, ते डॉक्टरांचं श्रेय. पुन्हा आजारी पडला नाही, ते तुमचं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तुझा पिंजरा सुकतो कधी रे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जितका ओलावा तितकं बरं, असं धरून मी दिवसातून सहा वेळा फवारत होतो, जाळीला चारही बाजूंनी प्लास्टिक लावलं होतं आणि भर दुपारी, गरम दिव्याखाली, फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) चालू ठेवत होतो. उष्ण, ओली, कोंडलेली हवा जंतूंना किती मानवते, हे तुम्ही समजावलंत. पाचू व्हेल्ड जातीचा, म्हणजे मूळचा येमेन आणि सौदीच्या डोंगरांकडचा. तिथे दिवस कोरडा असतो, रात्री हवा गार होऊन दव पडतं. म्हणून आर्द्रता दिवसा ३० ते ५० टक्के, रात्री ८० च्या वर, आणि तेही तापमान २० अंशांच्या आसपास किंवा खाली उतरलं तरच. हवा गार झाली की तेवढ्याच वाफेत आर्द्रतेचा आकडा आपोआप चढतो, हे शाळेत शिकलो होतो. पिंजऱ्याशी कधी जोडलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठं काम तुमच्या मिठाने केलं. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात लगदा होईल इतकंच पाणी, आणि आर्द्रतामापकासोबत ते हवाबंद पिशवीत रात्रभर. मापक बरोबर असेल तर सकाळी आकडा ७५ हवा होता. माझ्या काट्याच्या मापकावर ५८ होता. म्हणजे इतके महिने तो कमी दाखवत होता आणि मी त्याच्यावर भरवसा ठेवून फवारतच होतो! मला फार वाईट वाटलं. "आता कळलं ना, झालं," एवढंच तुम्ही म्हणालात.

आता दोन बाजूंचं प्लास्टिक काढलंय. फवारा दिवे लागण्याआधी आणि मालवल्यावर, दुपारी फक्त ठिबक. फॉगर पहाटे, शुद्ध केलेल्या पाण्यावर, आणि तुम्ही बजावल्याप्रमाणे नियमित घासून. खाली पाणी साचू देत नाही. डिजिटल मापकाची तपासणीही त्याच मिठाने केली. पाचूचे डोळे आता टपोरे आहेत, विष्ठेतला पांढरा भाग पांढराच आहे, पूर्वीसारखा नारिंगी नाही.

वाटीतलं पाणी तो कधी पीत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. आज सकाळी दिवा लागल्यावर त्याने मनी प्लांटच्या पानावरचा एक थेंब जिभेने टिपला, मग दुसरा, मग शेजारच्या पानाकडे सरकला. दहाच्या सुमारास तीच पानं हाताला कोरडी लागली. तुम्हाला लगेच सांगावंसं वाटलं.

मनापासून आभार, काका.

तुमचा,
पाचूला सांभाळणारा