पार्ट बदलण्याआधी पुरावा शोधणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

जुनी गाडी रेस घेताना आचके द्यायला लागली की सहसा आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. तुम्ही मात्र आधी विचारता, "पेडल दाबल्या दाबल्या अडखळते, की दाबून धरल्यावर दम सोडते?" या एका प्रश्नासाठी तुमचे मनापासून आभार, कारण अर्धं निदान तिथेच होतं. क्षणभर अडखळून मग सुटत असेल तर संशय ॲक्सिलरेटर पंप, थ्रॉटल सेन्सर किंवा हवेच्या गळतीवर. चढावर पूर्ण रेसला मरगळत असेल तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय किंवा एक्झॉस्ट तुंबलाय.

इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने बटरफ्लाय (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडते का ते बघायचं, ही तुमची पहिली पायरी. ढिली केबल किंवा पेडलखाली सरकलेली मॅट इथेच सापडते.

कार्ब्युरेटर असेल तर एअर फिल्टर काढून, इंजिन बंदच ठेवून, लिंकेज (बटरफ्लाय उघडणारी दांडी) हाताने फिरवायचं. आत पेट्रोलची धार त्याच क्षणी दिसली पाहिजे. बटरफ्लाय झटकन उघडली की हवा लगेच आत घुसते, पेट्रोल मागे राहतं, आणि ती तूट भरून काढणं हेच ॲक्सिलरेटर पंपाचं काम. धार उशिरा किंवा थेंबथेंब आली तर पंपाचा रबरी पडदा (डायफ्राम) कडक झालाय किंवा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) तुंबलाय.

सगळ्यात मोठे आभार थ्रॉटल पोझिशन सेन्सर (बटरफ्लाय किती उघडली ते सांगणारा) तपासण्याच्या तुमच्या पद्धतीबद्दल. इग्निशन ऑन, इंजिन बंद. 5 व्होल्टचा पुरवठा येतोय याची खात्री करून सिग्नलच्या वायरवर मीटर लावायचा. बहुतेक गाड्यांत बटरफ्लाय बंद असताना साधारण 0.5 व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर 4.5 च्या आसपास मिळतात. नेमके आकडे त्या त्या मॅन्युअलमध्ये असतात. ही दोन टोकं बरोबर आली की बरेच जण सेन्सर पास करतात. तुम्ही मधला प्रवास बघता, अगदी सावकाश. पाय दिवसभर जिथे टेकलेला असतो, त्या थोड्याशा उघड्या जागेतच आतली कार्बनची पट्टी जास्त झिजते. तिथे सिग्नल क्षणभर पडतो. साधा डिजिटल मीटर तो चुकवू शकतो, पण जुन्या काट्याच्या मीटरवर काटा स्पष्ट दचकतो. तो दचका दिसेपर्यंत तुम्ही नवा सेन्सर मागवू देत नाही, आणि त्याआधी कनेक्टर हलवून बघता ते वेगळंच.

एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असलेल्या गाड्यांत रबरी इनटेक पाइप जागेवर असताना बघून उपयोग नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. चीर बहुधा घड्यांच्या खालच्या बाजूला असते. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, ती मिटलेली राहते. रेस दिली की इंजिन माउंटिंगवर कलतं, चीर उघडते आणि सेन्सरने न मोजलेली हवा आत जाते. मिश्रणात पेट्रोल कमी, गाडी अडखळली. पाइप काढून, उजेडात वाकवून बघणं हाच खरा तपास. तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधायला तुम्ही ठाम नकार देता. भडक्याचा धोका लक्षात घेता ते योग्यच आहे.

इनटेकमधली हवेची ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा आयडलला 17 ते 21 इंच पाऱ्यावर स्थिर हवा (समुद्रसपाटीला, उंचावर दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी). 2500 आरपीएमवर धरल्यावर काटा हळूहळू उतरत गेला तर एक्झॉस्ट तुंबलाय. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या (पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम नळीत पेट्रोल दिसलं तर त्याचं डायफ्राम फाटलंय.

जॉब कार्डावर तुम्ही दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे व्होल्ट, व्हॅक्यूम लिहून देता, त्याचेही आभार. पुढच्या वेळी गाडी अडखळली तर तुलना करायला हाताशी आकडे असतात.

आपले,
जुन्या गाड्या रोज चालवणारे आम्ही