क्रम लागला, नकाशा राहिला

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या जंतूचा ‘जनुकीय नकाशा तयार’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते. बहुतेक वेळा लागलेला असतो तो डीएनएतल्या अक्षरांचा क्रम. जुलाब लावणाऱ्या जिआर्डिया या एकपेशीय जंतूचेच पाहा. त्याचा सुमारे १ कोटी १७ लाख अक्षरांचा क्रम २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तुकड्यातुकड्यांनी. यातला कोणता तुकडा पाचांपैकी कोणत्या गुणसूत्रावर बसतो आणि सुलटा की उलटा, हे निव्वळ क्रमावरून ठरत नाही; नकाशा म्हणजे नेमके तेच.

ही गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली नीट सुटी दिसत नाहीत, म्हणून जेलमध्ये (जेलीसारख्या थरातून विजेने ओढून) लांबीनुसार वेगळी करतात. नेहमीच्या पद्धतीने डीएनए काढला तर पिपेटने (द्रव ओढायच्या नळीने) ओढतानाच तो तुटतो. त्यामुळे अख्ख्या पेशीच कमी तापमानाला वितळणाऱ्या अगारोज या जेलीसारख्या पदार्थात मिसळून त्याच्या वड्या पाडतात आणि त्या ईडीटीए (डीएनए तोडणारी एन्झाइमे बंद पाडणारे रसायन), डिटर्जंट व प्रोटिनेज-के (प्रथिने पचवणारे एन्झाइम) यांच्यात ५० अंशांवर एक-दोन दिवस ठेवतात. प्रथिने पचतात, गुणसूत्रे वडीत अखंड राहतात. मग वड्या जेलमध्ये बसवून, विजेची दिशा ठरावीक वेळाने बदलत दोन-तीन दिवस जेल चालवायचे. घाईने व्होल्टेज वाढवले की लांब गुणसूत्रे अडकतात आणि लांबीनुसार सुट्या पट्ट्यांऐवजी नुसता ओघळ दिसतो. मापाला शेजारी लांबी माहीत असलेली यीस्टची गुणसूत्रे लावतात.

एवढे करूनही पट्टे पाचांहून जास्त निघतात. या जंतूला दोन केंद्रके आहेत आणि दोन्ही मिळून प्रत्येक गुणसूत्राच्या किमान चार प्रती. टोकांजवळची रायबोसोमल (पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या) जनुकांची पुनरावृत्ती प्रत्येक प्रतीत कमीजास्त असल्याने एकाच गुणसूत्राच्या प्रतींची लांबी जुळत नाही. म्हणून एकदाच आढळणाऱ्या जनुकाचा प्रोब (त्या जनुकालाच चिकटणारा, खूण लावलेला डीएनएचा तुकडा) लावून पट्टा ओळखावा लागतो. पुनरावृत्तीतला प्रोब निवडला तर भलतेच पट्टे उजळतात.

२०११ मध्ये डीएनए काचेवर ताणून, एमएलयू-वन या ठरावीक जागीच कापणाऱ्या एन्झाइमने कापून, कापांमधली अंतरे मोजून ‘ऑप्टिकल’ नकाशा केला गेला. त्यात तुकड्यांच्या आधीच्या जुळणीतल्या अनेक चुका सापडल्या आणि टोकांजवळचा किती भाग जुळणीत आलाच नव्हता, तेही उघड झाले. म्हणजे क्रम प्रसिद्ध होऊन चार वर्षे लोटल्यावर.

तेव्हा अशा बातमीत ‘नकाशा’ हा शब्द छापण्यापूर्वी दोन आकडे जरूर विचारावेत: गुणसूत्रे किती, आणि क्रम किती तुकड्यांत आहे?

— सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे