चुंबकांना अनुदान, मग शुद्धीकरणाला हमीभाव का नाही?

महोदय,

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने दुर्मिळ मृदा चुंबकांसाठी (विजेवरच्या गाड्यांच्या मोटारींत लागतात ते शक्तिशाली चुंबक) ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टनांची क्षमता उभी करायची आहे. स्वागतच आहे. पण अशा चुंबकात वजनाने साधारण ३० टक्के निओडिमियम-प्रासिओडिमियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असतात, म्हणजे सुमारे १,८०० टन. योजना सुरू होते ती या मूलद्रव्यांच्या शुद्ध केलेल्या ऑक्साइडपासून. ते ऑक्साइड कुठून येणार? बाहेरून आणायचे, तर चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यात परवान्यांची अट घालून वाहन कंपन्यांची जी कोंडी केली, तीच पुन्हा व्हायची.

खनिज आपल्याकडे आहे. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत ही मूलद्रव्ये असलेले मोनाझाइट आहे, ते काढणारी सरकारी कंपनीही १९५० पासून आहे. घोडे अडते ते मूलद्रव्ये वेगळी करण्यापाशी. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. सेपरेटिंग फनेल हलवायचे, दोन थर बसेपर्यंत थांबायचे, तोटी सोडून खालचा थर काढायचा. एवढ्यालाही मुले कंटाळत. इथे या मूलद्रव्यांचे गुणधर्म इतके सारखे की आम्ल आणि केरोसिनमधल्या द्रावकाची हीच घुसळण शेकडो टप्प्यांत करावी लागते. वर मोनाझाइटमधले किरणोत्सारी थोरियम सांभाळायचे ते वेगळेच.

एवढा पैसा गुंतवावा आणि चीनने भाव पाडावेत, या भीतीने खासगी उद्योजक पुढे येत नाही. भीती खोटी नाही. अमेरिकेतली माउंटन पास ही दुर्मिळ मृदांची खाण २००२ मध्ये बंद पडली, त्यात स्वस्त चिनी मालाचा वाटा होता आणि सांडपाण्याच्या गळतीचाही. पुढे ती चालवणारी दुसरी कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. अखेर जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने तिथल्या सध्याच्या कंपनीला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोमागे ११० डॉलरचा किमान भाव दहा वर्षांसाठी बांधून दिला. मुक्त बाजाराचे धडे जगाला देणाऱ्यांनी! सोलापूर बाजार समितीत कांदा घेऊन आलेल्या कुणालाही याचे कारण विचारा.

तेव्हा देशात शुद्ध केलेल्या ऑक्साइडला हमीभाव द्यावा आणि सांडपाणी प्रक्रियेचा खर्च पहिल्या दिवसापासून प्रकल्पखर्चातच धरावा. डाइंगचे रंगीत पाणी नाल्यात पाहिलेल्या आम्हा सोलापूरकरांना 'नंतर बघू'चा अर्थ कळतो. आता कुणी हा कारखाना चिंचोळी एमआयडीसीत आणा म्हणेल. नळाला दिवसाआडही पाणी न येणाऱ्या शहराने ती हौस करू नये. जिल्ह्यातल्या खासदारांनी हमीभावाचा प्रश्न संसदेत विचारला तरी पुरे.

— एक निवृत्त प्राध्यापक, जुळे सोलापूर